खुडूक कोंबडीखालची अकरा अंडी

गिरिधररावांनी चौतीस वर्षं फळ्यावर कोंबडीच्या अंड्याची आकृती काढली. वरचं कवच, त्याच्या आतला पापुद्रा, रुंद टोकाची हवेची पोकळी, पांढरा बलक, पिवळा बलक आणि त्या पिवळ्यावरचा एवढासा ठिपका, ज्याचं पुढं पिल्लू होतं. रंगीत खडूनं एका दमात काढायचे, पुन्हा हात लावायचा नाही. तपासणीला आलेले साहेबसुद्धा ही आकृती पुसू नका म्हणून सांगून जायचे. पण गंमत अशी, की ज्या माणसानं इतकी अंडी फळ्यावर काढली, त्यानं साठी उलटेपर्यंत खरं अंडं हातात घेतलेलं नव्हतं. घर कडक शाकाहारी. शाळांतून पोरांना उकडलेली अंडी द्यायला सुरुवात झाली ती त्यांच्या निवृत्तीनंतर, त्यामुळं तोही प्रसंग टळला.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. वाईट असता तर ही हकीकत सांगण्यात काही राम नव्हता. भालकीहून उदगीरकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्यांच्या गावात सरांना मान होता आणि तो त्यांनी कमावलेला होता. कुणाच्या पोराला फुकट शिकवणी दे, कुणाचा अर्ज कन्नडात लिहून दे, कुणाला बीदरच्या दवाखान्यात घेऊन जा, हे सगळं ते न सांगता करत. चौदा एप्रिलला, जयंतीला, रस्त्यापलीकडच्या वस्तीतले लोक दरवर्षी त्यांना भाषणाला बोलवायचे. "जात कागदावरून जाऊन उपयोग नाही, मनातून गेली पाहिजे," असं सर सांगायचे, आणि सांगताना त्यांचा गळा खरोखरच दाटून यायचा. टाळ्या पडायच्या. सर भरल्या मनानं घरी यायचे. हे सोंग नव्हतं. सोंग असतं तर बरं झालं असतं, निदान त्यांना स्वतःला तरी ठाऊक असतं.

अंड्याचं खूळ डोक्यात घातलं नातीनं. वैष्णवी बेंगळुरूला असते, चौथीत आहे. एका रविवारी ती फोनवर म्हणाली, "आजोबा, अंड्यातून पिल्लू बाहेर येताना तुम्ही कधी बघितलंय?" सर हो म्हणणार होते. पण पलीकडं नात होती, आणि तिच्यापुढं थाप मारायला जीभ रेटेना.

"नाही गं," ते म्हणाले. "फक्त शिकवलंय."

"न बघता?"

हे त्यांना लागलं. तिथल्या तिथं त्यांनी कबूल करून टाकलं, की या माघात तुला पिल्लं निघताना फोनवर दाखवतो म्हणून. वृंदाबाई, म्हणजे त्यांच्या बायको, आतून म्हणाल्या, "दाखवा खुशाल. पण अंडं घराच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही, एवढं ध्यानात ठेवा." तेवढीच त्यांची अट होती. पुढच्या सगळ्या गोष्टीत वृंदाबाईंचा हात एवढाच, हे लक्षात असू द्यावं, कारण नंतर सरांनी तो लांबवायचा प्रयत्न केला.

योग असा, की त्याच आठवड्यात रस्त्यापलीकडची कोंडाबाई वाटेत भेटली. सत्तरीला टेकलेली बाई, पण कमरेत ताठ. वस्तीत तिच्या कोंबड्यांचं नाव होतं. तिच्याकडं एक तांबडा कोंबडा होता, मानेवर सोनेरी झाक, चालला की वाटावं सरपंच चाललाय. अख्ख्या वस्तीतल्या बायका अंडी बसवायची झाली की तिच्याकडूनच अंडी नेत. तो कोंबडा तिनं पिल्लू असल्यापासून वाढवला होता. लहानपणी घारीनं उचलून टाकलेला, तर हळद लावून पदरात घेऊन हिंडली होती म्हणे.

"मास्तर, कोंबडी खुडूक बसलीया बगा," ती म्हणाली. "पाच दिस झालं, हाकलली तरी जागा सोडना. अन् रत्नपालनं खोली बांधायला काढलीया, समदं आंगण उकरून ठिवलंय. कुठं बसवू हिला, ह्येच कळंना."

सरांना आयतंच सापडलं. त्यांचा गोठा बैल विकल्यापासून रिकामाच होता. जागच्या जागी अर्धलीनं ठरलं. कोंबडी आणि अंडी कोंडाबाईची, जागा आणि दाणा सरांचा, पिलं निम्मी निम्मी. अंडी मात्र जोडीनं बसवत नाहीत, एक वर लागतं, म्हणून अकरा. वरचं एक नातीला, असं कोंडाबाईच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंडी घेऊन आली. दुरडीत तळाला ज्वारी, ज्वारीत एकेक अंडं रुतवलेलं, वरून पुन्हा ज्वारी, धक्का लागू नये म्हणून. अंडी कोरड्या फडक्यानं पुसलेली, एकावर डाग म्हणून नव्हता. "सांजच्याला कोंबडी आणते, मग बसवू. तवर सावलीला ऱ्हाऊ द्या. उगं हात लावत बसू नगा," असं सांगून ती गेली. उन्हातून आलेली दुरडी कोमट लागत होती.

आता पुढं सरांनी जे केलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर "निर्जंतुकीकरण". गोठ्यात ते एकटेच होते. न्हाणीघर घासायचे रबरी हातमोजे त्यांनी आणले, बादलीत कपड्याचा साबणचुरा टाकला, फेस केला आणि एकेक अंडं त्यात घासून काढलं. मग हौदाच्या गार पाण्यात खळबळून पोत्यावर ओळीनं मांडली. अकरा अंडी, पांढरी लख्ख, न्हाऊन बसलेल्या पोरांसारखी. दुरडी पालथी करून तीही धुतली. राहिली ज्वारी. ती त्यांनी गोठ्यामागं नेऊन पाखरांना टाकली. मग हातमोजे काढून हात धुतले, दोनदा. मन प्रसन्न झालं. कामात शास्त्र असलं की कसं बरं वाटतं, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी कोंडाबाई कोंबडी पदराखाली घेऊन आली. गोठ्यात मांडलेल्या बांबूच्या डालग्यात तिनं कडबा मोडून टाकला, मूठभर राख पसरली, एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवला. "हे कशाला?" सरांनी विचारलं. "इजा कडाडल्या तर अंडी बिघडू नये म्हणून," ती म्हणाली. माघात कुठल्या विजा, आणि विजेला खिळा काय करणार, असं म्हणून सर मनमोकळं हसले. तीही हसली. मग तिनं पोत्यावरचं पहिलं अंडं उचललं, आणि हात मध्येच थांबला. तिनं अंडं नाकाजवळ नेलं. मग दुसरं उचललं, तेही नेलं.

"काय झालं?" सर म्हणाले.

"काई न्हाई." मग रिकाम्या दुरडीत बघून, "ज्वारी कुठंय मास्तर?"

"पाखरांना टाकली की. पुण्याचं काम."

"बरं," कोंडाबाई म्हणाली, आणि एकेक अंडं डालग्यात ठेवून तिनं कोंबडी वर सोडली. कोंबडीनं पिसं फुलवली, अंडी पोटाखाली ओढली आणि डोळे अर्धे मिटून घेतले. एवढा जीव लावून बसली, की सरांनी त्याच क्षणी तिचा फोटो काढून बेंगळुरूला पाठवला.

पुढचे तीन आठवडे त्या घरात दुसरा विषय नव्हता. सरांनी दिनदर्शिकेवर रोजचा आकडा लिहायला घेतला. चौथ्या दिवशी अंड्यात रक्तवाहिन्या दिसतात, त्या मोबाइलच्या उजेडात नातीला दाखवायच्या म्हणून त्यांनी डालग्यात हात घातला, तर कोंबडीनं अशी चोच मारली की अंगठ्यातून रक्त आलं. त्यानंतर सर डालग्यापासून हातभर लांब उभे राहून शिकवू लागले. "आता हृदय धडधडत असेल," "आता चोच तयार झाली असेल," असं रोज संध्याकाळी फोनवर सांगायचे. वैष्णवी वहीत लिहून घ्यायची. तिकडं वृंदाबाईसुद्धा विरघळल्या. तांदळाच्या कण्या वाटीत घेऊन कोंबडीपुढं ठेवून यायच्या आणि विचारलं तर चिमण्यांना टाकल्या म्हणायच्या. कोंबडी दिवसातून एकदा उठायची, चार दाणे टिपायची, घोटभर पाणी प्यायची आणि पळत जाऊन पुन्हा बसायची. पंधरा दिवसांत तिच्या छातीचं हाड वर आलं.

एकविसावा दिवस उजाडला. वैष्णवीनं शाळेत जाण्याआधी फोन लावला आणि आल्यावर पुन्हा लावला. काही नाही. बावीस गेला, तेवीस गेला. थंडीमुळं एखाद दिवस मागंपुढं होतं, असं सर म्हणाले. चोवीस गेला. कोंबडी बसलेलीच. "आजोबा, तुम्ही दिवस चुकीचे मोजले का?" नातीनं विचारलं. चौतीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं काढल्या, त्यांना हे फारच झोंबलं.

नेमका त्या दिवशी रत्नपाल आला. कोंडाबाईचा मुलगा. मन्नाएखेळ्ळीच्या एका दुकानात पंपाची जळालेली मोटार पुन्हा बांधायचं काम शिकला आणि आता गावातच स्वतःचं दुकान टाकलंय. सरांचा जुना विद्यार्थी. सरांचं नाव घेताना आजही याचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या गुंडीकडं जातो. विहिरीवरची मोटार बघायला म्हणून आला होता. पान्हा पुसत म्हणाला, "सर, पिलं निघाली का?"

आता इथं सर "काय चुकलं कळत नाही" असं म्हणू शकत होते. साधे चार शब्द. पण विद्यार्थ्यापुढं "कळत नाही" म्हणायची सवय नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि वर्गात म्हणायचे तसं म्हणाले, "कुठून निघणार? अंडी फलितच नव्हती. कोंबड्यात दोष आहे तुमच्या. दिसायला रुबाबदार, पण उपयोग शून्य. असला कोंबडा ठेवून सगळ्या वस्तीची अंडी वाया घालवायलाव तुम्ही."

"आसं व्हय," रत्नपाल म्हणाला. सरांच्या म्हणण्यावर त्यानं शंका घेतली नाही. शंका विचारा, म्हणून सरच वर्गात सांगायचे, पण इतक्या वर्षांत सरांना शंका विचारायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

संध्याकाळी नातीलाही तेच सांगितलं गेलं. कोंबडा नापास. वैष्णवी हसली. सरांचंही ओझं उतरलं.

दोन दिवसांनी कोंडाबाई कोंबडी न्यायला आली. कोंबडीला उचललं तर हाताला नुसती हाडं लागली. तिनं तिला पोटाशी धरलं आणि पाठीवरून हात फिरवत उभी राहिली.

"पावणे आलते काल," ती म्हणाली. "कोंबडा कापला. तुमी म्हणलाव ना, त्येच्यात दोष हाय म्हणून."

"बरं झालं," सर म्हणाले. "नवा चांगला आणा आता."

कोंडाबाईनं त्यांच्याकडं बघितलं. जाताना एवढंच म्हणाली, "अंडी पुरून टाका, मास्तर. न्हाई तर कुत्री वडत्याल."

सर कुदळ घेऊन गोठ्यामागं गेले. खड्डा केला, हातमोजे घातले आणि अंडी एकेक करून आत ठेवू लागले. तिसरं की चौथं हातातून निसटलं, कुदळीच्या पात्यावर आपटलं आणि फुटलं. वास असा आला की सरांनी तोंड फिरवलं. मग सवयीनं, कारण शेवटी मास्तर, परत वळून बघितलं.

आत पिल्लू होतं. मेलेलं, काळवंडलेलं, पण पिल्लू. डोळ्याच्या जागी मोठा काळा ठिपका, चोचीचं टोक, पंख फुटायच्या जागी बारीक कांड्या. बारा-तेरा दिवसांचं. पुस्तकात त्या दिवसाचं चित्र कसं असतं ते सरांना पाठ होतं.

त्यांनी दुसरं फोडलं. त्यातही होतं, जरा लहान. तिसरं फोडलं. खड्ड्याच्या कडेला गुडघे टेकून या सोवळ्या माणसानं अकराच्या अकरा अंडी फोडली. दोन नुसती नासलेली निघाली. नवांमध्ये जीव धरलेला होता. कोंबड्यात काही दोष नव्हता. कोंबड्यानं त्याचं काम चोख केलं होतं, आणि काल त्याचा रस्सा झाला होता.

मग कारण दुसरं. ते शोधायला सरांना कुठं जावं लागलं नाही. आठवीच्या वर्गात वर्षानुवर्षं त्यांनीच सांगितलेलं होतं. मुलांनो, कवच घट्ट दिसतं, पण त्याला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात, पिल्लू त्यातून श्वास घेतं. कवचावर एक नैसर्गिक लेप असतो, तो जंतू आत येऊ देत नाही. आणि कोमट वस्तू एकदम गार पाण्यात घातली, की आतला भाग आकसतो आणि बाहेरचं आत ओढून घेतो. उन्हातून आलेली कोमट अंडी, साबण लावून लेप घासलेला, मग हौदाचं गार पाणी. शेवटच्या बाकावरच्या पोरानंसुद्धा सांगितलं असतं. सरांनी स्वतःच्या हातांनी ती पिल्लं मारली होती, आणि मारताना प्रसन्न वाटलं होतं.

पण खरी गोष्ट इथून पुढं आहे. चूक कुणाच्याही हातून होते. सर खड्ड्यात माती लोटत होते आणि मनातल्या मनात सारवासारव करत होते. स्वच्छता म्हणून धुतली. अंडं मुळातच घाण जागेतून येतं. वृंदाला चाललं नसतं. हे शेवटचं म्हणताना तेच अडखळले, कारण वृंदानं फक्त घरात नको म्हटलं होतं, आणि गोठा काही घर नव्हतं. आणि अंडी घाण नव्हती, पुसून आणलेली होती. बरं, अंड्यांचं राहू द्या. ज्वारी?

ज्वारी कामून टाकली?

तो प्रश्न त्यांच्या मनात आला आणि कुदळ तशीच हातात राहिली. ज्वारीला काय लागलं होतं? निवडलेली, टपोरी, मणभर ज्वारीत मिसळली असती तर ओळखू आली नसती. गेल्याच महिन्यात त्यांच्याच आळीतल्या बसलिंगप्पानं मळ्यातले पेरू आणून दिले, ते सरांनी धोतराला पुसून तिथंच उभ्या उभ्या खाल्ले होते. चन्नवीरच्या घरून आलेल्या हरभऱ्याच्या डहाळ्याला अजून मातीच होती, तरी घरात घेतला. कुणाचीच कोणती गोष्ट त्यांनी हातमोजे घालून साबणानं घासली नव्हती. पाखरांना टाकली नव्हती. कोंडाबाईच्या दुरडीच्या वेळी मात्र त्यांनी काही विचारच केला नव्हता. विचार करावा लागलाच नाही, हात आपोआप गेले. त्यांनी जे धुतलं ती घाण नव्हती. धुतलं ते कोंडाबाईचं घर होतं.

सरांनी कुदळ टाकली. ते खाली बसले. गोठ्यामागं त्यांना बघायला कुणी नव्हतं, तरी त्यांनी उपरण्यानं तोंड झाकून घेतलं. जयंतीच्या टाळ्या त्यांना ऐकू आल्या.

तीन दिवस ते रस्त्याच्या बाजूला फिरकले नाहीत. कुणालाच काही माहीत नव्हतं. अंडी पुरली गेली होती, कोंबडा संपला होता, नातीनं वहीत उत्तर लिहून टाकलं होतं. गप्प बसलं तर हे प्रकरण मिटलेलंच होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांनी गप्प बसायचं जवळजवळ ठरवलंही होतं. मग निलम्मा, घरी धुणंभांडी करणारी बाई, बोलता बोलता सांगून गेली, की वस्तीतली कुणी आता कोंडाबाईकडं अंडी मागत नाही. तिच्या घरच्या अंड्यांत जीव नाही म्हणतात. सरांनीच सांगितलं म्हणतात. सर हातातला पेपर घेऊन कितीतरी वेळ एकाच पानावर होते.

चौथ्या दिवशी सकाळी ते रस्ता ओलांडून गेले. कोंडाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. घरामागून भिंतीवर पाणी मारल्याचा आवाज येत होता. सर उभेच राहिले. आयुष्यभर बोलून पोट भरलेल्या माणसाला सुरुवात सापडेना.

"कोंडाबाई, कोंबडा चांगला होता," ते शेवटी म्हणाले. "अंड्यांत पिल्लं होती. मी फोडून बघितली. माझ्याच हातून गेली ती. मी धुतली होती."

कोंडाबाईनं सुपातलं बोट थांबवलं नाही. "ठावं हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

"धुतलीती त्ये. साबणाचा वास यायलता अंड्यांला. त्याच दिशी कळलं."

सर एक पाऊल पुढं आले. "मग बोलला का नाहीत? तेव्हाच बोलायचं! दुसरी अंडी घातली असती."

"काय बोलू?" तिनं आता वर बघितलं. आवाजात राग नव्हता, तेच जास्त कठीण होतं. "मास्तर, आमची अंडी कामून धुतलाव, आसं इचारू? तुमी कायतरी खोटं बोलला असताव. मग तुमाला बी लाज अन् मला बी. म्हणलं, बसवून बघावं, येखादं तरी निघंल. अंडी बघून मला राग न्हाई आला. ज्वारी टाकलाव, तवा आला. खायाची ज्वारी व्हती ती."

सरांची नजर सुपातल्या तांदळावर गेली.

"कोंबडा कापायलता तवा मी आडवी झाले," ती सांगू लागली. "म्हणलं, पोरा, कोंबडा चांगला हाय. तर काय म्हणला म्हायताय? 'माय, तुला सरांपेक्षा जास्त कळायलंय का?' पन्नास वर्सं कोंबड्या पाळायले मी, मास्तर. माझ्या पोरानं मला आसं म्हणावं. कोंबड्याचं काय, दुसरा व्हईल. ह्ये लागलं मला."

"मला माफ करा," सर म्हणाले.

"मला नगा सांगू. मला कळून महिना झाला." तिनं सुपानंच घरामागं दाखवलं. "त्येला सांगा."

इथं सर जागीच थांबले. कोंडाबाईपुढं कबूल होणं त्यांनी मनात घोकून आणलं होतं. रत्नपालपुढं होणं घोकलं नव्हतं. गावात सर म्हणून हाक मारणारे पुष्कळ होते, पण रत्नपाल ज्या तोंडानं मारायचा तशी कुणी मारत नसे. ती हाक गमवायची होती. क्षणभर त्यांच्या मनात आलं, धुतली एवढंच सांगावं. धुतली, चूक झाली, विज्ञान विसरलो. त्यात लाज कमी आहे. कोंडाबाई त्यांच्याकडं बघत होती, आणि तिला ते मनातलं कळलं असावं असं त्यांना वाटलं.

घरामागं रत्नपाल नव्या भिंतीवर पाइपनं पाणी मारत होता. सरांना बघून त्यानं पाइप खाली टाकला, ओले हात पँटला पुसले. हात वरच्या गुंडीकडं गेला. "सर, तुमी कशाला आलाव? निरोप धाडायचा व्हता, मी आलो असतो."

"रत्नपाल, तुझा कोंबडा चांगला होता. मी चुकीचं सांगितलं. आई बरोबर सांगत होती तुझी. अंडी मी साबणानं धुतली, त्यानं ती मेली."

रत्नपालला आधी कळलंच नाही. तो हसला थोडा. "धुतली? कामून सर?"

पाइपचं पाणी विटांच्या ढिगाखाली शिरत होतं. सरांनी चष्मा काढायला हात वर नेला आणि परत खाली घेतला.

"तुमच्या घरून आली होती म्हणून," ते म्हणाले.

रत्नपाल उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, विसरल्यासारखं राहिलं आणि मग गेलं. तो काहीतरी शोधत होता, मागं, फार मागं. मग हळू आवाजात म्हणाला, "सर, दहावीचा निकाल लागला तवा तुमी माझ्या पाठीवर हात ठिवलता. समद्या शाळेपुढं."

त्यानं प्रश्न विचारला नाही. पण सरांना प्रश्न कळला. आणि दुर्दैव असं, की उत्तरही आठवलं. त्या दुपारी घरी आल्यावर हौदावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले होते. तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं, म्हणूनच इतकी वर्षं ते आठवण्याची गरजही पडली नव्हती. आठवत नाही म्हटलं असतं तर कुणी खोटं धरलं नसतं.

"धुतला होता," सर म्हणाले. "घरी जाऊन."

रत्नपालनं मान हलवली; या वेळी त्याचा हात गुंडीकडं गेला नाही. दारातून येणारा कोंडाबाईच्या सुपाचा आवाज थांबलेला होता. त्यानं वाकून पाण्याची तोटी बंद केली आणि वाटेत उभी असलेली त्याची मोटरसायकल ढकलून भिंतीच्या कडेला घेतली, सरांना जायला जागा व्हावी म्हणून.